सोमवारी दुखणारं पोट: घरासाठी, शाळेसाठी आणि आम्हा डॉक्टरांसाठी

सोमवारी सकाळी माझ्या ओपीडीच्या बाकावर दोघंतिघं तरी पोट धरून बसलेली असतात. "शनवार-रविवार काय नसतंय बघा मॅडम, सोमवार उजाडला की सुरू," आई सांगते आणि पिशवीतून फाईल काढते. दोन सोनोग्राफी, जंताचं औषध, ॲसिडिटीच्या गोळ्या, एक टॉनिक. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग दारात उभे असलेले वडील म्हणतात, "नाटकं करतंय."

नाटक नसतं. पोट खरोखर दुखत असतं. 'पोटात गोळा आला', 'भूक मेली' हे आपण उगाच म्हणत नाही. मेंदू आणि आतडी नसांनी जोडलेली आहेत. भीती वाढली की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवली नसती अशी कळही जाणवू लागते. सोनोग्राफीला ती भीती दिसत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून मला बावीस वर्षं झाली. पहिली सात-आठ वर्षं मी फक्त पोटच तपासत होते. मुलाचं मन डॉक्टरकडे पहिल्यांदा येतं ते शरीराचं दुखणं घेऊन, आणि ते ओळखायला समोरच्या डॉक्टरच्या मनात थोडी जागा रिकामी असावी लागते, हे मला उशिरा कळलं. म्हणून हा लेख पालकांसाठी आहे आणि शेवटी माझ्या व्यवसायबंधूंसाठीही आहे. यातली मुलं अनेक मुलांच्या गोष्टी जोडून उभी केली आहेत. कोणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

हे दुखणं किती जणांना असतं, ते आधी सांगते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. साठ मुलांच्या वर्गात हे चार जण झाले. जागतिक आरोग्य संघटना तर १० ते १९ वर्षांच्या दर सात मुलांमागे एक असं सांगते. आयुष्यभरातले साधारण एक तृतीयांश मानसिक आजार वयाच्या चौदाव्या वर्षाआधी, म्हणजे आठवीपर्यंतच, सुरू झालेले असतात, आणि जवळपास निम्मे अठराव्या वर्षाआधी.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची वही

शंका आली की लगेच इंटरनेटवर आजाराचं नाव शोधू नका. दोनशे पानी वही घ्या आणि रोज रात्री चार ओळी लिहा. किती वाजता झोपला, किती वाजता उठला, मध्ये जाग आली का. काय आणि किती जेवला. शाळेत गेला का, आल्यावर कसा होता. कुठे दुखलं, किती वाजता, आणि त्याच्या आधी काय घडलं होतं.

पाचवी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: आवडीचं काय सुटलं? दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेला जायला हट्ट धरणारी पोरगी यंदा "तुम्ही जावा, मी बसते घरी" म्हणाली, तर ते लिहा. संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळणारा महिनाभर बॅटला शिवला नाही, तेही लिहा. मोठ्यांचं नैराश्य उदास दिसतं, मुलांचं बरेचदा चिडकं दिसतं. दार आपटणं, धाकट्याला मारणं, उलट बोलणं यालाच आपण 'वय आहे', 'वळण बिघडलं' म्हणतो आणि वर्ष जातं.

परीक्षेआधी दोन दिवस झोप उडणं, मैत्रिणीशी भांडून रडणं हा आजार नव्हे. बहुतेक दिवस, दोन आठवड्यांहून अधिक काळ, आणि शाळा, जेवण, झोप, मैत्री यातलं काहीतरी मोडायला लागलंय, असं वहीत दिसलं तर पुढची पायरी चढा. स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या किंवा मरणाची भाषा ऐकू आली तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. थेट चौथ्या पायरीवर जा.

दुसरी पायरी: शरीर एकदाच, पण नीट तपासा

तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाकडे वही घेऊन जा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, गरज वाटली तर बी-१२. डोळे तपासाच. फळ्यावरचं न दिसणारी मुलं 'लक्ष नाही' म्हणून वर्षानुवर्षं मार खातात. कानांचंही तेच. शिकवताना काही सेकंद टक लावून हरवणारं मूल दिवास्वप्नात असतं असं नाही, ते अपस्माराचे छोटे झटकेही असू शकतात. झोपेचा हिशोब करा: किशोरवयीन मुलाला ८ ते १० तास झोप लागते. घराला लागूनच माग असेल, रात्रपाळी चालू असेल आणि एका खोलीत सहा जण झोपत असतील, तर आधी झोपेचं काही करता येतं का ते बघू.

तपासण्या ठीक आल्या की तिथे थांबा. तिसरी सोनोग्राफी करू नका. प्रत्येक नवी तपासणी मुलाला सांगते की पोटात काहीतरी भयंकर आहे आणि ते कोणालाच सापडत नाहीये.

तिसरी पायरी: बोलायचं कसं

समोर बसवून "बोल, काय झालंय तुला?" असं विचारलं की मूल गप्प होतं. ती चौकशी वाटते. डोळ्यांत डोळे नसतील आणि हात कामात असतील तेव्हा मुलं बोलतात. स्कूटरवर मागे बसलेली असताना, सिद्धेश्वर तलावाच्या कडेने चालताना, आई भाकरी थापत असताना. माझ्याकडे येणाऱ्या एका आईला मी सांगितलं होतं, विड्या वळताना तिला शेजारी बसवा, पानं कापायला लावू नका, नुसतं बसवा. तिसऱ्या दिवशी पोरगी आपणहून बोलली. शाळेच्या व्हॅनमध्ये रोज काय होत होतं, ते तिने आईच्या हातातल्या सुपाकडे बघत सांगितलं.

सुरुवात तुम्ही पाहिलेल्या गोष्टीने करा. "तू हल्ली डबा तसाच परत आणतोस, मला काळजी वाटायला लागलीय." मग गप्प बसा. ही गप्प बसायची मिनिटं जड जातात, पण ती भरून काढू नका. मूल बोललं की लगेच उपाय सांगू नका, "मग तुला काय वाटलं?" एवढंच विचारा. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", "तुला काय कमी केलंय?", "लोकांची पोरं बघ" ही तीन वाक्यं घरातून काढून टाका.

आपल्या गावात भाषेचा मुद्दा फार मोठा आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी किंवा उर्दू-हिंदी, शाळेत इंग्रजी. मूल उत्तर मराठीत देतं, पण रडतं अम्माच्या भाषेत. शाळेच्या भाषेत "काही नाही, ठीक आहे" म्हणणारा मुलगा आजीजवळ तेलुगूत घडाघडा बोलताना मी पाहिला आहे. ज्या भाषेत ते लहानपणी झोपी गेलं, त्या भाषेत विचारा. डॉक्टरांना ती येत नसेल तर आजीला सोबत न्या.

सगळ्यांत अवघड प्रश्नही विचारावा लागतो: "कधी जगूच नये असं वाटतं का? स्वतःला काही करावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने वाढत नाही. बहुतेक मुलांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. हाच प्रश्न, याच शब्दांत विचारा. "तू वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" असं विचारलं की उत्तर 'नाही' असंच येतं.

चौथी पायरी: उत्तर 'हो' आलं तर आज रात्री काय करायचं

ओरडू नका, शपथ घालू नका. "सांगितलंस ते बरं केलंस. आज मी तुझ्याजवळ आहे," एवढं पुरे.

मूल आज एकटं राहणार नाही, हे आधी ठरवा. खोलीत कोण झोपणार, बाथरूमची कडी आतून न लावणं, सकाळी दोघं कामावर गेल्यावर कोण थांबणार, हे नावानिशी ठरवा. मग घरातली धोकादायक वस्तू हलवा. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, उंदराचं औषध, कीटकनाशकं. पंढरपूर, सांगोला, माळशिरसकडच्या द्राक्ष-डाळिंब-उसाच्या घरांना मी हात जोडून सांगते, फवारणीचं औषध घरात, गोठ्यात, पलंगाखाली ठेवू नका. कुलपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे असू द्या. जमलं तर आजच्या आज दुसरीकडे हलवा. तो टोकाचा क्षण अनेकदा काही मिनिटांचा असतो. त्या मिनिटांत वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो. सगळ्या पायऱ्यांपैकी एकच जमणार असेल तर ही करा.

त्यानंतर फोन. टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, तेलुगू-कन्नडमध्येही. मुलावर कोणी अत्याचार करत असेल तर चाइल्डलाइन १०९८. हे नंबर फ्रिजवर चिकटवा. मुलाला "तुझ्यासाठी" म्हणून देऊ नका, सगळ्यांसाठी म्हणून लावा.

मुलाने काही घेतलं असेल तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. सिव्हिलची कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते. उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी पाजू नका. डबा किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या. "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी थांबू नका, कारण काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो.

पोलिसांच्या भीतीने लोक एक-दोन तास घालवतात, आणि तेच तास महागात पडतात. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण ती नोंद म्हणजे मुलावरचा गुन्हा नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही.

पाचवी पायरी: कोणाकडे जायचं

नावांचा गोंधळ फार होतो. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते औषध देऊ शकतात. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्याचे उपचार करतात, औषध देत नाहीत. समुपदेशक ऐकतात, मार्ग काढायला मदत करतात. त्यांचं शिक्षण विचारायला लाजू नका. खर्चाची अडचण असेल तर आपल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांतून 'मैत्री' क्लिनिकं चालतात, त्यांचीही चौकशी करा.

जाताना वही, शाळेचं प्रगतिपुस्तक, चालू औषधं न्या. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी मुलाशी काही वेळ एकट्याने बोलायला हवं. नाही बोलले तर तुम्हीच म्हणा, "आम्ही बाहेर थांबतो." निघताना तीन गोष्टी विचारा: तुम्हाला काय वाटतंय, औषध लागेल का आणि का, पुन्हा कधी यायचं.

औषधाबद्दल थोडं. सौम्य नैराश्यात आणि चिंतेत आधी बोलण्याचे उपचार करतात. मध्यम किंवा तीव्र असेल तर फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. ते पहिल्या दिवशी काम करत नाही, चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत मूल जास्त अस्वस्थ झालं, झोप उडाली, मरणाचे विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. "सवय लागेल का?" हा प्रश्न रोज येतो. झोपेच्या गोळ्यांसारखं व्यसन या औषधाचं लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करायचं नाही. चंचलतेच्या आजाराचं (एडीएचडी) निदान मात्र एका तक्रारीवर मान्य करू नका. बारा वर्षांच्या आधीपासून आणि घर-शाळा अशा निदान दोन ठिकाणी लक्षणं दिसायला हवीत.

आणि 'बाहेरचं' म्हणणारी आजी. तिच्याशी भांडू नका. सिद्धेश्वराचं दर्शन घ्या, अंगारा लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडेही जा. मुलाला बांधणं, उपाशी ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं यातलं काही होणार असेल तिथे मात्र आडवे उभे राहा.

शाळा

वर्गशिक्षिकेला भेटा, सगळं सांगायची गरज नाही. "तिला थोडा त्रास आहे, उपचार चालू आहेत, वर्गात उभं करून विचारू नका," एवढं पुरतं. वाचन-लेखनाची अक्षमता असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणून आठवी-नववीतच मागे लागा. दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करून हाती काही लागत नाही. निकालाच्या आठवड्यात घरात कोणीतरी असावं, आणि निकालाच्या आधीच एकदा म्हणून ठेवावं, "राहिला एखादा विषय तर पुरवणी परीक्षा याच वर्षी असते."

'नीट'साठी लातूरला ठेवलेल्या सोळा वर्षांच्या मुलांची मला विशेष काळजी वाटते. रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न टेस्टच्या मार्कांचा नको. "या आठवड्यात कोणाबरोबर जेवलास?" हे विचारा. उत्तर "एकटाच" असं दोनदा आलं तर एसटीत बसा आणि जाऊन या.

आता आमच्याबद्दल

सात वर्षांपूर्वी माझ्या हातून एक सहा वर्षांचा डेंग्यूचा मुलगा गेला. आईवडिलांना सांगितलं, तोंड धुतलं, आणि वीस मिनिटांनी दुसऱ्या बाळाला लस टोचली. बाकावर लोक थांबले होते. आठ दिवसांनी एका सोमवारी पोटदुखीचा एक मुलगा आला. त्याच्या आईने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला आणि मी तिच्यावर ओरडले. मुलगा टेबलाच्या कडेला बोट घासत बसला होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं, हे मला आज स्पष्ट दिसतं. ती दोघं पुन्हा माझ्याकडे आली नाहीत.

हे सांगायला मला काही वर्षं लागली. खाली दवाखाना आणि वर घर असलेल्या आपल्यातल्या अनेकांना हे ओळखीचं वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात कामाच्या थकव्याची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. दुसरं लक्षण आपल्या राऊंडमध्ये ऐकू येतं. ज्या दिवशी मुलाचं नाव न आठवता आपण "तीन नंबरचा डेंग्यू" म्हणतो, त्या दिवशी थांबून स्वतःकडे बघावं.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १० ऑक्टोबर १९१० ला ते आपल्या सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी वारले. वय ३२. सोलापुरात डॉक्टर होणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी युद्धभूमीवर झोपेविना केलेल्या शस्त्रक्रियांची गोष्ट सांगितली जाते, मलाही सांगितली होती. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण ती गोष्ट निवासी डॉक्टरला छत्तीस तास उभं ठेवायला वापरली जाते, तेव्हा मला वाईट वाटतं. त्यांचा जन्मदिवस, १० ऑक्टोबर, हाच जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे. त्या दिवशी स्मारकाला हार घालून आल्यावर आपल्या ज्युनियर डॉक्टरला शेजारी बसवून "किती तास झोपलास?" असं विचारता येईल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली आहे. युनिटप्रमुखाने ते वेळापत्रकात उतरवावं.

मला ज्यांनी सावरलं त्या गोष्टी साध्या आहेत. स्वतःचं औषध स्वतः लिहायचं नाही, विशेषतः झोपेची आणि चिंतेची गोळी. आपला एक डॉक्टर ठरवायचा, शक्यतो गावाबाहेरचा. पुण्यात किंवा फोनवर चालेल, म्हणजे वेटिंगमध्ये आपलाच पेशंट भेटत नाही. नैराश्याचे उपचार घेतल्याने नोंदणी जात नाही, आणि उपचारांची गोपनीयता २०१७ चा कायदा आपल्यालाही देतो. टेली-मानसवर पद सांगावं लागत नाही. चौथ्या पायरीतला अवघड प्रश्न आपल्या डॉक्टर मित्रालाही त्याच शब्दांत विचारायचा. औषधं आपल्या हाताशी सर्वांत जास्त असतात.

मूल गेलं तर त्या दिवसाची उरलेली ओपीडी बंद ठेवायची. पाटी लावायची, लोक समजून घेतात. मी दोनदा लावली आहे. त्याच संध्याकाळी नर्ससह सगळ्यांनी दहा मिनिटं बसायचं. चूक शोधायची नाही, काय घडलं आणि आता कसं वाटतंय एवढंच बोलायचं. नर्स आणि मावशींना हे आजवर कोणी विचारलेलंच नसतं. नातेवाईकांच्या हल्ल्याची भीती मनात घर करून असेल तर तीही तिथेच बोलायची. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी कायदा आहे, पण रात्री दोन वाजता वॉर्डात एकटं असताना कायद्यापेक्षा शेजारी उभा असलेला दुसरा डॉक्टर जास्त उपयोगी पडतो. म्हणून रात्रीच्या ड्युटीला कोणाला बोलवायचं ते आधी ठरवून ठेवायचं.

डॉक्टरांची २०१७ पासूनची जागतिक प्रतिज्ञा, जिनिव्हाची, आता असंही म्हणवून घेते की उत्तम सेवेसाठी मी स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देईन. ती प्रतिज्ञा मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे, पेशंटला नव्हे, मला दिसेल अशी. आणि सोमवारच्या ओपीडीतली शेवटची चार नावं आता वीस-वीस मिनिटांची असतात. पोटदुखीची मुलं मी तिथे घेते. महिन्याचं उत्पन्न थोडं घटलं, ते मी स्वीकारलं.

आम्ही तिघीजणी, मी, एक भूलतज्ज्ञ आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ, दर रविवारी रात्री साडेनऊला फोनवर भेटतो. केस डिस्कशन करायचं नाही, असा नियम आहे. एकीने बोलायचं, दोघींनी ऐकायचं. गेल्या रविवारी मी बोलले. या रविवारी पाळी भूलतज्ज्ञ मैत्रिणीची आहे. तिचा मुलगा यंदा दहावीला आहे, आणि सोमवारी त्याचं पोट दुखतं.